सोडा म्हणेपर्यंत

माझ्या अंगात हाडं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. ताईला मात्र ती सगळी तोंडपाठ आहेत, आणि नुसती पुस्तकातली नव्हे, माझीच. ती एक्स-रेचा कोर्स करत होती तेव्हा मी कॉलेजचं नाव सांगून घरात आडवा पडणारा भाऊ होतो, आणि आडवा पडलेला माणूस दिसला की ताईला राहवायचं नाही. 'आहेस तसाच राहा, फक्त डावा हात डोक्यावर घे,' म्हणत ती यायची. मग मला जेवणाच्या टेबलावर निजवून, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्यात विजेरी घेऊन ती माझा गुडघा, मनगट, खांदा, कवटी एकेक करून जागेवर बसवायची. विजेरी म्हणजे एक्स-रेची नळी. खऱ्या किरणांचा काही संबंध नव्हता, पण हलायची बंदी अगदी खरी होती. नाकावर माशी बसली तरी ताई म्हणायची, "हलू नकोस. माशी एक्स-रेत दिसत नाही."

आज ताई वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक आहे. छातीचे, मेंदूचे, मोडलेल्या हातापायांचे फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञांना ती शिकवते, आणि ते फोटो आणखी चांगले कसे निघतील यावर संशोधन करते. विद्यार्थी तिला पाठीमागे 'हलू नका मॅडम' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिसत काही नसताना 'मला सगळं दिसतं' म्हणणाऱ्या लोकांशी दिवसभर डोकं लावून मी घरी येतो, त्यामुळे माझा स्वभाव तिरकस झालाय असं बायको म्हणते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी आता ताईबद्दल चांगलं लिहिणार आहे आणि ते मला फारसं जमत नाही.

ताईची गोष्ट सांगायची तर आधी आई सांगायला हवी. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा भलामोठा बोर्ड, हातात वायरी, आणि तोंडात 'बोला'. बाबा आम्ही लहान असतानाच गेले. त्या एका 'बोला'वर तिने आम्हा दोघांना वाढवलं. सवय इतकी हाडीमाशी भिनलेली की झोपेतसुद्धा कोणी हाक मारली तर आईच्या तोंडून 'बोला' निघायचंच. हाक आली आणि आईने उत्तर दिलं नाही असं आमच्या घरात कधी घडलं नाही. उत्तर बहुतेक वेळा उलटं असायचं, ती गोष्ट वेगळी.

ताईने डॉक्टर व्हायचं हे आईने ताईला न विचारता ठरवून टाकलं होतं. प्रवेश थोडक्यात हुकला. ताईने मुकाट्याने त्याच कॉलेजातल्या रेडिओग्राफीच्या कोर्सला नाव घातलं आणि घरी येऊन सांगितलं. आईने ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फोटो काढणार? म्हणजे स्टुडिओत?"

"हॉस्पिटलमध्ये, आई. आतले फोटो."

"फोटो तो फोटोच," आई म्हणाली आणि विषय बंद केला.

ताईने तो बंद होऊ दिला नाही. पुढे तिला पदव्या मिळाल्या, बढत्या मिळाल्या, लांबलांबच्या परिषदांची बोलावणी आली. पण तिला हवं होतं ते एवढंच, की आईने एकदा म्हणावं, पोरी, तुझं काम खरं काम आहे. ती हे कोणाजवळ बोलली नाही. पण मी तिचा भाऊ आहे, मला न सांगता कळतं. प्रत्येक आनंदाची बातमी घेऊन ती आधी आईच्या खोलीत जायची आणि बाहेर येताना पेढा समजून खडू चावल्यासारखं तोंड करून यायची. मला आईचा रागही यायचा आणि हसूही यायचं. दोन्ही दाबून मी ताईला चहा करून द्यायचो.

पहिली नोकरी तिला एका छोट्या हॉस्पिटलात लागली. तेव्हा एक्स-रेची फिल्म काळोख्या खोलीत नेऊन धुवावी लागायची. तिथे एकदा कवायतीचे एक निवृत्त मास्तर छातीचा एक्स-रे काढायला आले. ताईने त्यांना पाटीसमोर उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे. "श्वास घ्या. रोखून धरा." बटण दाबलं. फोटो चांगला निघणार हे तिला आधीच कळलं होतं, कारण मास्तर खांबासारखे उभे होते. हरखून जाऊन तिने फिल्मची पेटी उचलली आणि थेट काळोख्या खोलीत गेली.

बाहेर आली तर मास्तर जमिनीवर फतकल मारून बसलेले, चेहरा लालबुंद, आणि नर्स त्यांना वारा घालतेय.

"काय झालं, मास्तर?" ताईची बोबडीच वळली.

"तुम्ही सोडा म्हणाला नाहीत, बाई," मास्तर धापा टाकत म्हणाले. "होईल तोवर धरला. मग गुडघे गेले."

मास्तरांना काही झालं नाही. उलट जाताना 'हुकूम अर्धवट द्यायचा नसतो' असं ताईलाच समजावून गेले. फिल्म मात्र अशी निघाली होती की मोठे डॉक्टर उजेडाच्या पेटीवर लावून कौतुकाने बघत राहिले. इतका स्थिर पेशंट मला आयुष्यात परत मिळाला नाही, असं ताई अजून म्हणते. इतर लोक हा किस्सा चहाबरोबर सांगून विसरले असते. ताईच्या डोक्यात तो घर करून बसला. फोटो यंत्राने निघतो हे तिला शिकवलं होतं. तो आपण काय बोलतो त्यावरही निघतो, हे तिला त्या दिवशी दिसलं.

मग तिने बिघडलेल्या फिल्म्स बघायला सुरुवात केली. प्रत्येक हॉस्पिटलात अशा फिल्म्सचा एक खोका असतो. धूसर, दुहेरी, वाकडे, परत काढावे लागलेले फोटो. परत काढायचा म्हणजे पेशंटच्या अंगात विनाकारण आणखी किरण. जवळजवळ प्रत्येक फिल्मवर एकच शेरा असायचा, 'पेशंट हलला'. ताई म्हणायची, हलला की आपण हलवला? ती गपचूप उभी राहून सहकाऱ्यांचं बोलणं ऐकायची. सकाळपासून शंभरदा तेच म्हणून कंटाळलेला माणूस 'श्वास घ्या रोखून धरा' हे सगळं एकाच दमात म्हणून टाकतो. बिचाऱ्या पेशंटला 'घ्या' आणि 'धरा' यांच्यामध्ये श्वास घ्यायला सवडच मिळत नाही. अर्धा घेतलेला श्वास तो कसाबसा धरतो आणि ऐन बटणाच्या वेळी सोडून देतो.

ह्या एवढ्याशा जागेवर, दोन शब्दांमधल्या सवडीवर, ताईने आपलं आयुष्य वाहिलं. मी तिला म्हटलंसुद्धा, "ताई, लोक कॅन्सर शोधतात, नवी यंत्रं शोधतात. तू काय शोधलंस म्हणून सांगू? थांबणं?"

"हो," ती म्हणाली. "आणि तुझ्या दुकानात तू गिऱ्हाइकाला पाटी वाचायला सांगून लगेच पुढची ओळ विचारतोस, ते पण बघितलंय मी."

तेव्हापासून मी दुकानात जरा थांबायला लागलो. तिला सांगितलं नाही.

पुढे ती शिकवायला लागली. विद्यार्थ्यांना सरावासाठी कॉलेजात एक पुतळा आहे, आत खोटी हाडं आणि बाहेरून मांसाच्या रंगाचं प्लास्टिक. त्याचं नाव 'जावईबापू'. कारण विचारलं तर मुलं सांगतात की ते कामाला हात लावत नाहीत, नुसते पडून असतात, उचलायला चार माणसं लागतात, आणि काही बिनसलं तर सगळ्या विभागाची धावपळ होते. ताईचं जावईबापूंशी कधी जमलं नाही. "ते हलत नाहीत, घाबरत नाहीत, त्यांना सर्दी नाही, त्यांना लाज नाही," ती म्हणायची. "ह्यांच्यावर शिकलेलं पोर खऱ्या माणसासमोर तोंड उघडणार कसं?"

म्हणून तिने नवा नियम काढला. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने आधी स्वतः पेशंट व्हायचं. किरण नाहीत, पण बाकी सगळं खरं. तो मागून उघडा झगा घालायचा, बाहेर बाकावर ताटकळायचं, गार टेबलावर उताणं पडायचं, आणि आपल्याच वर्गमित्राने 'हं, इकडे वळा' म्हणून खांदा ढकलला की कसं वाटतं ते अनुभवायचं. पहिल्या दिवशी हशा पिकतो. दुसऱ्या दिवशी कोणी तरी टेबलावर आधी चादर पसरून ठेवतो. मग ताई खूश होते आणि वर्गाला चहा पाजते.

नोकरी, शिकवणं आणि घर सांभाळता सांभाळता तिने पीएच.डी.ला नाव घातलं. तिचे मार्गदर्शक भले गृहस्थ होते, भौतिकशास्त्रातले. विषय ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. "बाई, दोन वाक्यांवर पीएच.डी.?" ताई म्हणाली, "सर, दोन नाहीत, तीन. तिसरं 'सोडा'. तेच सगळे विसरतात." सरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सही केली. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा कुठे ताईला पदवी मिळाली.

ती बातमी घेऊन ताई आईकडे गेली तेव्हा मी मुद्दाम दारात उभा राहिलो.

"डॉक्टर झाले मी, आई."

आईचा चेहरा उजळला. "खरं? मग माझं बीपी बघ."

"तसली नाही गं. पीएच.डी. पेशंटशी कसं बोलायचं त्यावर."

"बोलण्यावर?" आई माझ्याकडे बघून म्हणाली. "मी जन्मभर बोलायचाच पगार घेतला. मला तर दोन मिळायला हव्यात." मग तिला ताईचं तोंड दिसलं असावं, कारण ती जरा नरमाईने म्हणाली, "बरं झालं हो. पण म्हणजे तू नक्की करतेस काय?"

ताईने मान हलवली आणि बीपी बघितलं. ते तिला येत होतं.

मग हॉस्पिटलात नवं सीटी स्कॅनचं यंत्र आलं. मोठं कडं, त्यातून आतबाहेर सरकणारं टेबल, आणि काचेपलीकडे बसलेला तंत्रज्ञ. हे यंत्र स्वतःच बोलतं. कंपनीने भरून दिलेला एक पुरुषी आवाज पेशंटला सूचना देतो: 'दीर्घ श्वास घ्यावा. श्वास रोखावा. श्वसन सुरू करावे.' आवाज असा की आता पुढे मालमत्ता जप्त होणार. ताईने तो ऐकला आणि तिचं माथंच भडकलं. घाबरलेल्या म्हातारीला कोणी 'श्वसन सुरू करावे' म्हणतं का? ती वरिष्ठांच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी ठरलं की एक आठवडा कंपनीचा आवाज, एक आठवडा ताईचा, असं वर्षभर चालवायचं. ज्या आवाजात फोटो कमी बिघडतील तो यंत्रात राहील.

ताईने आवाज भरला तो आमच्या घरातल्या कपड्यांच्या कपाटात बसून, कारण तिथे घुमत नाही. आजूबाजूला गोधड्या, मांडीवर रेकॉर्डर. "आता छान मोठा श्वास घ्या. घेतलात? आता धरून ठेवा. सोडा. झालं." त्या 'घेतलात?'वर तिचा फार जीव. त्या एका शब्दाने पेशंटला सवडही मिळते आणि कोणीतरी विचारतंय असंही वाटतं, हे तिने मला इतक्या वेळा समजावलं की मला तो शब्द स्वप्नात ऐकू यायला लागला. आई बाहेरून कपाटावर टकटक करून म्हणाली, "आत कोणाशी बोलतेस?"

"पेशंटशी."

"मग बाहेर बोलाव त्यांना. चहा टाकते."

वर्षाचा बराच भाग गेला आणि ताईचं तोंड उतरायला लागलं. दोन्ही आवाजांत जवळजवळ सारखेच फोटो बिघडत होते. तिच्या मायेच्या आवाजात जप्तीवाल्यापेक्षा तसूभरही जास्त गुण नव्हता. लोकांना विचारलं तर सगळे म्हणायचे, बाईंचा आवाज फार छान. आणि तरी हलायचे. असं का, हे तिला कळेना. ती जेवताना मध्येच घास तोंडात धरून बसायची. आई म्हणायची, "रोखून धरू नकोस, गीळ." आम्ही दोघं हसायचो, ताई नाही.

त्यातच आईला खोकला लागला. आठवडे झाले तरी हटेना. छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढायला सांगितलं, आणि आमच्या घरातले विनोद एकदम आटले. आईने फक्त विचारलं, "दुखतं का?" ताई म्हणाली, "नाही. पण गप्प पडून राहावं लागतं." आई म्हणाली, "मग दुखणारच."

त्या दिवशी यंत्रावर ताईचाच जुना विद्यार्थी होता. हाडकुळा, ताडमाड, सगळे त्याला लंबू म्हणतात. नातेवाइकाने यंत्राला हात लावायचा नाही हा ताईचाच नियम, त्यामुळे ती माझ्याशेजारी काचेमागे उभी राहिली. तो आठवडा ताईच्या आवाजाचा होता आणि आईला हे माहीत नव्हतं. ताईने मुद्दाम सांगितलं नव्हतं. आपला आवाज यंत्रातून ऐकल्यावर आईला कळेल आपण काय करतो ते, अशी वेडी आशा तिच्या मनात असणार. आई झगा सावरत आली.

"हा मागून उघडा आहे."

"असतोच, आई."

"ह्याच्यावर करायची होतीस पीएच.डी."

लंबूने तिला टेबलावर निजवलं, गुडघ्यांखाली उशी दिली, अंगावर चादर घातली, हात डोक्यावर घ्यायला सांगितले. टेबल कड्यात सरकलं. आणि छतातून ताईचा आवाज आला.

"आता छान मोठा श्वास घ्या. घेतलात?"

"घेतला गं!" आई आतून मोठ्याने म्हणाली.

लंबूने दचकून ताईकडे बघितलं. ही नुसती आधीची, जागा ठरवायची फेरी होती. त्याने टेबल बाहेर काढलं, आत जाऊन आईला नीट सांगितलं की आजी, बोलायचं नाही, तो आवाज रेकॉर्ड केलेला आहे, तिकडे कोणी ऐकत नाहीये. आईने समंजसपणे मान हलवली. टेबल परत आत गेलं.

"घेतलात?"

ह्या वेळी उत्तर आलं नाही. आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

"आता धरून ठेवा."

"धरलाय," आई म्हणाली. "तू काळजी करू नकोस."

पडद्यावर फोटो उमटले. फुप्फुसाखालचा पडदा दोनदा दिसत होता, एकावर एक, ओल्या कागदावर हात लागल्यासारखा. डॉक्टरांना ज्या जागी बघायचं होतं नेमकी तीच जागा धूसर. परत काढावाच लागणार होता.

"पेशंट हलल्या, मॅडम," लंबू म्हणाला. मग मान खाली घालून हळूच पुढे म्हणाला, "की आपण हलवल्या?"

ताईने त्याच्याकडे असे डोळे वटारले की मला वाटलं आता याची परीक्षा नव्याने होणार. पण ती काचेतून आईच्या डोक्यावर घेतलेल्या म्हाताऱ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कंपनीचा आवाज लाव."

'दीर्घ श्वास घ्यावा,' जप्तीवाला म्हणाला. आईने घेतला. 'श्वास रोखावा.' आई दगडासारखी पडून राहिली. ओठ घट्ट मिटलेले. 'श्वसन सुरू करावे.' तिने सुरू केलं. फोटो असा निघाला की थेट पुस्तकात छापावा. लंबूने आनंदाने टाळी वाजवायला हात वर केले आणि ताईचा चेहरा बघून खाली घेतले.

कपडे बदलून आई बाहेर आली तेव्हा ताईला राहवलं नाही. "त्या परक्या माणसाचं मुकाट ऐकलंस. माझंच का नाही ऐकलंस गं?" ती फक्त त्या एका फोटोबद्दल विचारत नव्हती, हे मला कळलं.

आई गोंधळून गेली. "तो कोणीतरी साहेब होता. सुपरवायझर लाइनवर आला की मध्ये बोलायचं नसतं. पण तू विचारलंस, घेतलात का. लेकीने विचारल्यावर ओ द्यायची नाही? जन्मभर परक्यांच्या हाका घेतल्या मी. तुझी तशीच सोडू?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि घेतलात काय? आईला अहो-जाहो?"

ताई हॉस्पिटलच्या त्या व्हरांड्यात आईच्या गळ्यात पडली, रडली आणि हसली. मी लांब जाऊन सूचनाफलक वाचत उभा राहिलो. मला असल्या वेळी काय करायचं ते सुचत नाही.

आईच्या छातीत कधीचा तरी बरा झालेला एक व्रण निघाला, बाकी काही नाही. खोकल्याला साधं औषध मिळालं. घरी येताना आई रिपोर्टचं पाकीट मांडीवर घेऊन शेजारच्या प्रवाशाला सांगत होती की आतून आपण अगदी ठणठणीत आहोत, पाहिजे तर फोटो बघा.

ताईला मात्र उत्तर मिळालं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने तिच्या आवाजात बिघडलेले सगळे फोटो काढले आणि त्या लोकांना फोन करायचा सपाटा लावला. "आजोबा, तुम्ही आत असताना काही बोललात का?" आजोबा म्हणायचे, हो तर, ती बाई विचारत होती, मी म्हटलं घेतला. दुसऱ्या एका बाईंनी 'थँक्यू' म्हटलं होतं. एकाने तर 'तुम्ही कशा आहात' असं उलट विचारलं होतं. आवाज जितका घरचा, तितकं लोकांना उत्तर द्यावंसं वाटत होतं, आणि ज्या शब्दावर तिचा जीव होता तोच शब्द फोटो हलवत होता. इतकी वर्षं पेशंटशी कसं बोलावं हे शोधताना पेशंट आपल्याशी बोलेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती परत कपाटात जाऊन बसली. 'घेतलात?' काढून टाकलं. त्या जागी म्हणाली, "उत्तर देऊ नका, मी बघतेय." एवढाच बदल. पुढच्या वर्षभरात तिच्या आवाजातले बिघडलेले फोटो झपाट्याने कमी झाले. जप्तीवाल्याला निरोप मिळाला. ताईचा शोधनिबंध छापून आला, इतर हॉस्पिटलांनी आवाज मागवला, आणि ती प्राध्यापक झाली. आईला निबंध दाखवला तेव्हा आईने पानं उलटली आणि विचारलं, "यात माझं नाव कुठे आहे?"

"पेशंटचं नाव घालता येत नाही, आई."

"मग कशाला छापलंस?" आई म्हणाली. ताई हसली, पण ते जुनं खडू चावल्याचं तोंड मला क्षणभर दिसलंच.

नवीन प्राध्यापकाने सगळ्या कॉलेजसमोर एक व्याख्यान द्यायची पद्धत आहे. आई यायला तयार नव्हती, मला काय कळणार म्हणत होती. मी तिला जवळजवळ उचलूनच नेलं. आम्हाला पहिली रांग दिली होती. आईच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला डीनसाहेब. ताई कवायतीच्या मास्तरांबद्दल बोलली तेव्हा सभागृह खो-खो हसलं. मग पडद्यावर तो दुहेरी, धूसर फोटो आला आणि ताई म्हणाली, "ह्या पेशंटने मला माझी चूक दाखवली." आईने मला कोपर मारलं. मग डीनसाहेबांकडे वळून त्यांना ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजली, "ती मी."

शेवटी ताई म्हणाली, आता आपण सगळे मिळून करून बघू. बघा, मध्ये सवड मिळाली की काय फरक पडतो. तिने माईक जरा दूर धरला आणि कपाटातल्या त्या आवाजात म्हणाली, "आता छान मोठा श्वास घ्या. उत्तर देऊ नका, मी बघतेय. आता धरून ठेवा."

सभागृह शांत झालं. मी आईकडे बघितलं. मला खात्री होती की आता 'धरलाय गं' ऐकू येणार. आई ताठ बसली होती. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, गाल फुगलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. लेक समोर उभी राहून सांगत होती आणि आई जन्मात पहिल्यांदा एक शब्द उलट न बोलता ते ऐकत होती.

ताईलाही ते दिसलं. ती नुसती बघत राहिली. ज्या तिसऱ्या शब्दावर तिने पीएच.डी. केली, तोच 'सोडा' म्हणायचा राहून गेला. मागे कोणी खोकलं, कोणी फुसकन हसून श्वास सोडला, मग एकेक करत सगळ्यांनीच सोडला. मीही सोडला. डीनसाहेबांनी हळूच सोडला.

आईने नाही. तिचा चेहरा लाल व्हायला लागला.

"आई, सोड आता," मी घाबरून तिचा दंड हलवला. तिने एक डोळा उघडला, माझ्याकडे रागाने बघितलं, आणि बोटाने व्यासपीठाकडे दाखवलं.

"सोड, आई," ताई वरून म्हणाली. माईकमध्ये ते सगळ्यांना ऐकू गेलं. "सोड गं."

आईने श्वास सोडला. दोन क्षण धापा टाकल्या, पदराने तोंड पुसलं, आणि मग डीनसाहेबांकडे वळून, वर्गात मस्ती करणाऱ्या पोराला सुनवावं तशी म्हणाली, "तिने सांगेपर्यंत सोडायचा नसतो. फोटो बिघडतो."